झांझिबारमध्ये ‘दादा’ म्हणजे ताई

पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या स्वाहिली भाषेत ‘मामा’ म्हणजे आई, ‘काका’ म्हणजे थोरला भाऊ आणि ‘दादा’ म्हणजे थोरली बहीण. ‘बाबा’ तेवढे बाबाच. समाजजीवनाचा अभ्यास करायला झांझिबारला गेलेल्या मराठी माणसाची पंचाईत इथूनच सुरू होते. परका मुलूख म्हणून जावं, तर निम्म्या गोष्टी ओळखीच्या निघतात. चहा ‘चाई’, पैसा ‘पेसा’, गाडी ‘गारी’, गोणी ‘गुनिया’, आंबा ‘एंबे’, सरकार ‘सेरिकाली’. सुताराच्या पेटीत डोकावलं तर रंधा ‘रांदा’ आणि पटाशी ‘पटासी’. पेरूला तिथे ‘पेरा’ म्हणतात, कारण दोघांनीही तो शब्द पोर्तुगिजांकडून उचलला. त्याच किनाऱ्यावरच्या मोंबासाचा फोर्ट जीझस हा पोर्तुगीज किल्ला १५९३ मध्ये बांधायला घेतला तेव्हा त्या किनाऱ्याचा पोर्तुगीज कारभार गोव्यातून चालत होता.

युरोपातून आलेला विद्यार्थी प्रत्येक गोष्ट विचारून घेतो, कारण त्याला काहीच ठाऊक नसतं. आपण विचारत नाही. पहिल्या दोन महिन्यांच्या वहीतल्या चुका तपासल्या तर बहुतेक अशाच निघतात: ओळखीचं वाटलं, म्हणून विचारलं नाही.

आधी कागदपत्रं. मुख्यभूमीवरचा टांगानिका आणि झांझिबारची बेटं २६ एप्रिल १९६४ रोजी एकत्र आले आणि टांझानिया झाला. पण झांझिबारला स्वतःचा राष्ट्राध्यक्ष आहे, स्वतःचं विधिमंडळ आहे आणि संशोधनाच्या परवानगीचे नियमही स्वतःचे आहेत. मुख्यभूमीवर संशोधन करायचं तर ‘कॉस्टेक’ या विज्ञान-तंत्रज्ञान आयोगाची परवानगी लागते. ती झांझिबारमध्ये चालत नाही. तिथे झांझिबार सरकारची वेगळी घ्यावी लागते. दार एस सलामला आठवडाभर थांबून तिथल्या विद्यापीठातल्या लोकांच्या मुलाखती घ्यायच्या आणि मग बेटावर जायचं, असा बेत असेल तर दोन्ही परवानग्या हव्यात. एका परवानगीवर दोन्हीकडे काम करू पाहणारे दरवर्षी असतात आणि त्यांचे आठवडे कार्यालयांच्या बाकांवर जातात.

क्रम चुकवू नका. सगळ्यात आधी स्थानिक संस्थेचं पत्र. झांझिबारमध्ये ती संस्था बहुधा झांझिबार राज्य विद्यापीठ असते, ज्याला सगळे ‘सुझा’ म्हणतात. त्या पत्रावर संशोधनाची परवानगी आणि त्या परवानगीवर निवास परवाना. विद्यार्थी आणि संशोधकांना ‘सी’ वर्गाचा परवाना मिळतो. प्रत्येक खिडकीवर आधीच्या खिडकीचा कागद मागतात, त्यामुळे उलट्या बाजूने सुरुवात करून काही साधत नाही. पर्यटकाच्या व्हिसावर जाऊन ‘नुसत्या गप्पाच तर मारायच्या आहेत’ म्हणत मुलाखती घेणं हा मूर्खपणा आहे. त्याची किंमत आपण देत नाही. आपल्याशी बोललेल्या माणसाला नंतर कुणीतरी येऊन विचारतं, तो कोण होता?

या साखळीला निघण्याआधी निदान सहा महिने धरावेत. संशोधनाचा आराखडा इंग्रजीत असतोच, पण त्याचा एका पानाचा स्वाहिली सारांश करून घ्या. तो वरच्या कार्यालयांत कुणी वाचत नाही. तो गावात लागतो, आणि गावात लागतो तेव्हा दुसरं काहीच उपयोगी पडत नाही. पासपोर्टच्या मापाचे डझनभर फोटो, प्रत्येक कागदाच्या पाच प्रती आणि एक साधी प्लास्टिकची फाइल जवळ असावी. पातळ प्लास्टिकच्या पिशव्या मात्र घरीच ठेवा. टांझानियात त्यांवर बंदी आहे.

ऑक्टोबर २०२४ पासून झांझिबारला जाणाऱ्या परदेशी माणसाला तिथल्याच सरकारी विमा महामंडळाचा ४४ डॉलरचा प्रवास विमा घ्यावा लागतो. आपल्याकडचा विमा कितीही चांगला असला तरी तो याच्या जागी चालत नाही. पीतज्वराच्या लशीचं थोडं बारकाईने पाहायला हवं. मुंबईहून जाताना अदिस अबाबा किंवा नैरोबीला विमान बदललं आणि मुक्काम बारा तासांहून लांबला, किंवा विमानतळाबाहेर पडलात, तर पुढे लशीचं पिवळं कार्ड मागतात. शिवाय अभ्यासाच्या ओघात मोंबासा किंवा लामूला, म्हणजे केनियात, जाणं होतंच. केनियातून भारतात परतणाऱ्याकडे कार्ड नसेल तर त्याला सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरली जाते आणि एकदा घेतली की जन्मभर चालते. निघायच्या आठवड्यात घेतलेली लस कागदावर बिनकामाची ठरते. मलेरियाचा धोका बेटांवर कमी आहे, मुख्यभूमीवर नाही. तिकडे जाणार असाल तर गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा.

केव्हा जायचं हेही आधीच ठरवावं लागतं. मार्च ते मे हा ‘मासिका’, म्हणजे मोठा पाऊस. तेव्हा गावांतले कच्चे रस्ते आणि ध्वनिमुद्रण दोन्ही बिघडतात. पत्र्यावर पाऊस पडत असताना मुलाखत होत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून ‘वुली’, म्हणजे लहान पाऊस, तो निभावतो. रमझान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, तो कॅलेंडरवर खूण करून ठेवा. त्या महिन्यात दिवसा काम जवळजवळ होत नाही. पण सूर्यास्तानंतर ‘फुतारी’ला, म्हणजे रोजा सोडायच्या जेवणाला, घरोघरी बोलावणं येतं आणि एरवी बंद असलेली दारं उघडतात. म्हणून रमझान टाळू नये, फक्त त्यात मुलाखतींचा कोटा धरू नये. दर पाच वर्षांनी ऑक्टोबरात निवडणुका होतात. तो काळ मात्र सरळ टाळावा. तेव्हा अनोळखी माणसाने वही उघडली की तो कुठल्या पक्षाचा, एवढंच लोकांना दिसतं.

भाषेसाठी तीन महिने द्या. त्याहून कमी दिले तर दुभाष्याच्या तोंडून ऐकलेलं लिहून आणाल. प्रमाण स्वाहिली १९३० च्या सुमारास ठरवली गेली तेव्हा पाया म्हणून उंगुजा या झांझिबारच्या मुख्य बेटावरची, त्यातही झांझिबार शहराची बोली घेतली होती. त्यामुळे शिकायला याहून चांगली जागा नाही. ‘सुझा’मध्ये परदेशी विद्यार्थ्यांना शिकवणारी जी संस्था आता सामावली आहे, तिची सुरुवात १९७८ ची. वर्ग सकाळी असतात. दुपार बाजारात, संध्याकाळ घरमालकिणीच्या स्वयंपाकघरात घालवायची, एवढाच अभ्यासक्रम.

मराठी माणसाला स्वाहिलीचा उच्चार जड जात नाही. शब्दाच्या शेवटून दुसऱ्या अक्षरावर आघात, एवढं पाळलं की काम होतं. ‘गाय’ या अर्थाच्या शब्दातला पहिला आवाज म्हणजे आपल्या ‘वाङ्मय’मधला ङ, इंग्रज त्याला आठवडाभर झटतात. अडतं ते नामांच्या वर्गांपाशी. मराठीत तीन लिंगं आहेत. स्वाहिलीत नामांचे दहाच्या वर वर्ग आहेत आणि नामाचा वर्ग विशेषणाला, संख्येला, क्रियापदाला सगळ्यांना चिकटतो. ‘किताबू किमोजा किझुरी किमेआंगुका’ म्हणजे एक चांगलं पुस्तक पडलं. अनेकवचनात ‘की’च्या जागी सगळीकडे ‘वी’. दोन चांगली पुस्तकं पडली: ‘विताबू विविली विझुरी विमेआंगुका’. किताब मूळ अरबी, पण सुरुवातीला ‘कि’ दिसला म्हणून स्वाहिलीने त्याला आपल्या वर्गात बसवून टाकलं. इंग्रजांच्या ‘कीप लेफ्ट’ पाटीवरून चौकातल्या गोल बेटाला ‘किपिलेफ्टी’ नाव पडलं आणि त्याचंही अनेकवचन ‘विपिलेफ्टी’ झालं. हा नियम पाठ करू नका. नाम शिकताना एकवचन, अनेकवचन आणि एक विशेषण असं त्रिकूट एकदम लिहा.

वेळ मात्र पहिल्या दिवशीच शिकायला हवी, नाहीतर पहिलीच भेट चुकते. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे ‘सा मोजा’, पहिला तास. नऊ म्हणजे ‘सा टाटू’, तिसरा. संध्याकाळी सातला रात्रीचा पहिला तास लागतो. विषुववृत्त जवळ असल्याने दिवस-रात्र वर्षभर जवळजवळ सारखेच, म्हणून हा हिशेब कधी बिघडत नाही. घड्याळाच्या काट्याच्या बरोबर समोरचा आकडा वाचायचा. शेहाच्या, म्हणजे वस्तीच्या सरकारी प्रमुखाच्या, कार्यालयात ‘सा टाटू’ला बोलावलं असेल आणि तुम्ही दुपारी तीनला गेलात तर कुलूप दिसेल. इंग्रजीत बोलताना तीच माणसं इंग्रजी तास सांगतात, त्यामुळे प्रत्येक वेळी ‘आसुबुही’ म्हणजे सकाळ की ‘जिओनी’ म्हणजे संध्याकाळ, हे विचारून घ्या.

वारांची गंमत आणखी. आठवडा शनिवारी सुरू होतो: ‘जुमामोसी’. मग दुसरा, तिसरा, चौथा करत बुधवार ‘जुमाटानो’, म्हणजे पाचवा. त्यापुढे गुरुवार ‘अल्हामिसी’, आणि अरबीत त्याचाही अर्थ पाचवाच. आठवड्यात दोन पाचवे दिवस, एक बांटू मोजणीचा आणि एक अरबी. आणि जुन्या पद्धतीने दिवस सूर्यास्ताला बदलतो, म्हणून आपल्या गुरुवारची रात्र ही तिथे शुक्रवारची रात्र. मौलूदची (पैगंबरांच्या जन्मोत्सवाची) किंवा लग्नाची रात्र विचारताना वारावर विसंबू नका. तारीख विचारा आणि पुन्हा ‘उद्या की परवा’ हेही विचारा.

अभिवादन हा विषय खरं तर एका प्रबंधाचा आहे. पर्यटकांसाठी ‘जांबो’ असतं. स्थानिक माणूस ते आपसात वापरत नाही. कुणी तुम्हाला ‘जांबो’ म्हणालं तर तुम्ही अजून पर्यटक आहात असं समजा. आई-वडिलांच्या वयाच्या माणसाला ‘शिकामू’ म्हणायचं, उत्तर येतं ‘मारहाबा’. शब्दाचा उगम ‘मी तुमचे पाय धरतो’ या वाक्यात आहे, आणि हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. फक्त वाकू नका. पाय धरणं शब्दातच उरलं आहे, अंगाने कुणी करत नाही. आपल्याच वयाच्या माणसाला शिकामू म्हटलं तर तो हसेल किंवा दुखावेल. वयाचा अंदाज चुकणार असेल तर सकाळी ‘सबाल्खेरी’, संध्याकाळी ‘मसाल्खेरी’ हे बिनधोक.

त्यापुढे चौकशांची फेरी असते. घरची खबर, कामाची खबर, प्रवासाची खबर, सकाळची खबर. प्रत्येकीला उत्तर ‘नझुरी’ किंवा ‘सलामा’. घरात कुणी आजारी असलं तरी आधी ‘नझुरी’ आणि मग खरी हकीकत. दोन-तीन मिनिटं जातात. ही फेरी तोडून कामाचं काढलं तर उत्तरं मिळतात, पण एका ओळीची. दारापाशी ‘होदी’ असा पुकारा करायचा. आतून ‘करिबू’ येईपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही. तीनदा पुकारून उत्तर आलं नाही तर निघून जायचं, मग आत रेडिओ वाजत असला तरी. आणि कुणाला ठेच लागली, शिंक आली, ओझं उचलताना धाप लागली तरी ‘पोले’ म्हणायचं. त्यात माफी नाही. ‘जपा हो’, ‘अरेरे’ आणि ‘दमलात ना’ या तिघांचं काम तो एक शब्द करतो.

राहायची सोय शहरात केली तर शहरच दिसेल. स्टोन टाऊनला युनेस्कोने २००० मध्ये जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हापासून तिथली कित्येक घरं हॉटेलं झाली आहेत. नक्षीदार दरवाजे बघावेत (तिथेही नक्षीला ‘नाक्शी’च म्हणतात), पण राहावं ‘न्गांबो’त, खाडी बुजवून जोडलेल्या पलीकडच्या वस्तीत, किंवा मकुंदुचीसारख्या गावात. जिथे राहाल तिथल्या ‘शेहा’ला पहिल्या दोन दिवसांत भेटा. शेहा हा ‘शेहिया’ या सर्वांत लहान प्रशासकीय घटकाचा सरकारने नेमलेला प्रमुख. त्याला नुसती सूचना द्यायला जायचं नाही. परवानगीची प्रत, स्वाहिली सारांश आणि घरमालक सोबत, असे तिघे घेऊन जायचं. शेहाने ओळख करून दिली की गाव बोलतं. पण शेहा सरकारचा माणूस आहे हेही गावाला माहीत असतं. म्हणून मुलाखतींना त्याला बरोबर घेऊन हिंडू नका. एकदाच, पहिल्या दिवशी, बास.

घराबाहेर भिंतीला लागून जो दगडी ओटा असतो तो ‘बराझा’. पुरुषांचं सगळं समाजजीवन तिथे: कॉफी, वर्तमानपत्र, राजकारण, ‘बाओ’चा खेळ. पुरुष संशोधकाला बराझा मोकळा असतो, पण घराच्या मागचं अंगण, ‘उवानी’, बंद. बाईला उवानी मोकळी आणि बराझावर तिने फार वेळ बसलेलं कुणाला रुचत नाही. याला उपाय नाही आणि असावा असंही नाही. आपल्याला अर्धंच घर दिसलं, हे प्रबंधात लिहावं. लग्नात बायकांकडच्या कार्यक्रमात फोन बाहेर काढायचा नाही. तिथे बुरखे उतरलेले असतात. मुलींना वयात येताना जे शिकवतात त्या ‘उन्यागो’बद्दल पुरुषाने विचारू नये, बाईनेही कुणी आपण होऊन सांगेपर्यंत थांबावं.

आता नाती. इंग्रजीत शिकलेला विद्यार्थी ‘अंकल’ लिहून मोकळा होतो. मराठीला काका आणि मामा वेगळे, आत्या आणि मावशी वेगळ्या. स्वाहिलीतही तसंच: आईचा भाऊ ‘म्जोंबा’, वडिलांची बहीण ‘शांगाझी’, वडिलांचा भाऊ ‘बाबा म्डोगो’ किंवा ‘बाबा म्कुब्वा’, म्हणजे धाकटे बाबा किंवा थोरले बाबा, किनाऱ्यावर ‘अमी’ही म्हणतात. आईची बहीण धाकटी आई किंवा थोरली आई. इथवर आपल्याला घरी आल्यासारखं वाटतं, आणि घसरतो तो इथेच. वडिलांचा भाऊ जर बाबा, तर त्याची मुलं सख्ख्यासारखीच भावंडं झाली. त्यांनाही काका आणि दादाच म्हणणार. तरीही त्याच चुलत भावंडांत लग्न होऊ शकतं, कारण मुस्लिम कायद्यात त्याला आडकाठी नाही आणि काही घराण्यांत ते पसंतही करतात. मराठी डोक्यात आते-मामे भावंडांचं लग्न बसतं, चुलत बसत नाही. वंशावळ काढताना अशी जोडी आली की चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका.

‘न्दुगू’ हा शब्द तर जपूनच घ्या. सख्खा भाऊ, सावत्र भाऊ, चुलत, गाववाला, आणि टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष न्येरेरे यांच्या काळातला ‘कॉम्रेड’ हेही त्यात येतात. कुणी ‘आम्ही सात न्दुगू’ म्हणालं की लगेच विचारा: ‘बाबा म्मोजा, मामा म्मोजा?’ एक बाप, एक आई? घटस्फोट आणि पुनर्विवाह सर्रास होतात, मूल आजीकडे किंवा आत्याकडे वाढणं नेहमीचं, त्यामुळे कुटुंबाची व्याख्याही ठरवून घ्यावी लागते. नात्याने विचारलं तर वीस नावं येतात. ‘काल रात्री एका भांड्यातलं कोण कोण जेवलं?’ असं विचारलं की सहा. आपली ‘एका चुलीवरची माणसं’ ही कल्पना इथे चालून जाते, फक्त चुली रोज मोजाव्या लागतात.

बायकांना नावाने हाक मारू नका. थोरल्या मुलाच्या नावाने ‘मामा सलमा’, ‘मामा अली’ अशी हाक असते, आपल्याकडच्या ‘बंड्याची आई’सारखी. वहीत मात्र यामुळे गोंधळ होतो, कारण एका गल्लीत चार मामा अली सापडतात. प्रत्येकीला पहिल्या दिवशीच एक आकडा द्या आणि आकड्यांची यादी वहीपासून वेगळी ठेवा.

संमतिपत्राचा प्रश्न ठरलेला. विद्यापीठाच्या नैतिकता समितीला सही हवी असते. गावात सही म्हटलं की लोक सावध होतात, कारण सहीचा कागद म्हणजे जमिनीचा कागद. अरब सुलतानाची सत्ता उलथवणाऱ्या १९६४ च्या क्रांतीनंतर झांझिबारमधली जमीन सरकारने ताब्यात घेतली आणि तीन-तीन एकरांचे तुकडे कुटुंबांना वाटले. कुणाची जमीन कुणाकडे गेली हे अजून सगळ्यांच्या लक्षात आहे. म्हणून तोंडी संमती ध्वनिमुद्रित करण्याची मुभा समितीकडून आधीच लेखी घ्या. जमिनीविषयी विचारायचंच असेल तर जमीन आणि झाडं यांचे प्रश्न वेगळे ठेवा. जमीन एकाची आणि तिच्यावरची लवंग किंवा नारळ दुसऱ्याचे, असं इथे असू शकतं. ‘ही वाडी कुणाची?’ या प्रश्नाला दोन खरी उत्तरं असतात.

‘हपाना’, म्हणजे नाही, हा शब्द मुलाखतीत फारसा ऐकू येत नाही. लग्न झालंय? मुलं आहेत? हजला गेलात? उत्तर ‘बाडो’: अजून नाही. सत्तर वर्षांची अविवाहित बाईसुद्धा ‘बाडो’ म्हणते. त्याचं भाषांतर ‘होणार आहे’ असं करू नका. उद्या येता का, याला ‘इन्शाअल्ला’ आलं तर तो होकार की नकार हे आवाजावरून ओळखायला तीन महिने लागतात. तोवर एका दिवसाला दोनच भेटी ठरवा आणि त्यातली एक होईल असं धरा.

ध्वनिमुद्रणाचं साधं गणित. ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, स्टिरिओ वेव्ह फाइल तासाला सुमारे एक जीबी घेते. नुसत्या बोलण्यासाठी ४४.१ किलोहर्ट्‌झ, १६ बिट मोनो पुरते आणि तासाला जेमतेम ३२० एमबी लागतात. बराझावर वारा असतो, म्हणून कॉलरचा माइक आणि त्याला फोमची टोपी हवीच. पंखा बंद करायला सांगू नका, पाहुण्यासाठी लावलेला असतो. माइक जवळ घ्या. अजान झाली की रेकॉर्डर थांबवा, बोलणंही थांबवा. तासाभराच्या मुलाखतीचं लेखन शिकाऊ माणसाला दहा-बारा तास खातं, त्यामुळे आठवड्याला तीनपेक्षा जास्त घेतल्या तर साठत जातात आणि साठलेल्या ऐकताना कोण कुणाला उद्देशून बोललं हे आठवत नाही. दमट हवेने उपकरणं बिघडतात. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घाला. झांझिबारची वीज समुद्राखालच्या केबलने मुख्यभूमीवरून येते. ती बिघडल्याने डिसेंबर २००९ ते मार्च २०१० असे तीन महिने उंगुजा बेट अंधारात होतं. तेव्हापासून दुसरी केबल टाकली गेली आहे, तरी पॉवर बँक भरलेली असावी. प्लग तीन चौकोनी पिनांचा ब्रिटिश. आपला चालत नाही.

तुम्हाला तिथे ‘म्हिंदी’ म्हणतील. कोकणी, देशस्थ, विदर्भातले असल्या खुलाशांना काही अर्थ नाही. म्हिंदी म्हणजे भारतीय, आणि भारतीय म्हणजे दुकानदार. एकोणिसाव्या शतकात झांझिबारच्या जकातीचा मक्ता जयराम शिवजी या कच्छी भाटियांच्या पेढीकडे होता. लवंगांच्या बागा गहाण घेणारेही भारतीय सावकारच. गोव्याचे लोक ‘वागोआ’ म्हणून वेगळे ओळखले जात. क्रांतीत अरबांबरोबर भारतीयही मारले गेले, कितीतरी निघून गेले. ज्येष्ठ माणसं हे तुमच्यासमोर आपण होऊन काढणार नाहीत, आणि काढलं तर तुम्ही म्हिंदी आहात म्हणून निवडून काढतील. त्या मजकुरापुढे वहीत कंसात ‘मला सांगितलं’ असं लिहून ठेवा. अलीकडे एक फरक पडला आहे. आयआयटी मद्रासचा परिसर २०२३ मध्ये झांझिबारला सुरू झाल्यापासून ‘विद्यार्थी’ हे उत्तर लवकर पटतं, पण पुढचा प्रश्न संगणक दुरुस्त करता येतो का, हा असतो.

मुंबईचा धागा मात्र लोक आनंदाने काढतात. ताराब या किनाऱ्यावरच्या संगीताची गायिका सिती बिंती साद १९२८ मध्ये मुंबईला जाऊन गाणी ध्वनिमुद्रित करून आली. त्या तबकड्या सगळ्या किनाऱ्यावर वाजल्या. ताराबवर काम करायचं असेल तर बोलण्याची सुरुवात इथून करा. कांगावर, म्हणजे बायका नेसतात-पांघरतात त्या छापील कापडावर, काम करायचं असेल तर काठ, म्हणजे ‘पिंडो’, आणि मधला भाग ‘म्जी’ यांच्यापेक्षा खाली छापलेल्या ओळीकडे, ‘जिना’कडे, लक्ष द्या. कांगा जोडीने विकतात, जोडीला ‘डोटी’ म्हणतात. त्यातल्या बऱ्याच भारतातून छापून येतात, म्हणून काठाची वेलबुट्टी पाहून आपण पुन्हा ‘हे तर आपलंच’ म्हणतो. पण शेजारणीला टोमणा कुठल्या ओळीने मारला हे कापड कुठे छापलं त्यावरून कळत नाही. कुठली कांगा, कुणी, कुणाच्या घरी जाताना नेसली, हे तिन्ही एकाच ओळीत लिहिलेलं असेल तरच ती नोंद कामाची.

‘म्गेनी सिकू म्बिली, सिकू या टाटू म्पे जेंबे’: पाहुणा दोन दिवस, तिसऱ्या दिवशी त्याच्या हाती कुदळ द्या. ही म्हण तुम्हाला हसत हसत ऐकवतील, आणि ती खरी माना. पाणी आणा, नारळ खवा, मुलांना इंग्रजी शिकवा. नारळ ‘म्बुझी’वर खवतात. म्बुझी म्हणजे शेळी. बैठ्या पाटाला लोखंडी पातं लावलेली ही शेळी म्हणजे बसायची खवणीच, आणि इथे मराठी हात खरोखर उपयोगी येतो.

मुलाखतीचे पैसे देऊ नका. एकदा दिले की भाव ठरतो आणि उत्तरंही भावानुसार लांबतात. जाताना साखर आणि चहा न्यावा. घरमालकिणीला एक डोटी. गावात कुणी वारलं तर ‘राम्बिराम्बी’ची वर्गणी सगळ्यांइतकीच द्या, जास्त नको. म्हाताऱ्या माणसाला शहरातून बोलावलं असेल तर ‘नाउली’, म्हणजे बसभाडं, हातात न देता पाकिटात द्या.

परतायच्या आधीचे चार दिवस काम काढू नका. निरोप घेणं म्हणजे ‘कुआगा’, आणि ते घरोघर जाऊन करायचं असतं: शेहा, घरमालक, मुलाखत दिलेला प्रत्येक जण, बराझावरची मंडळी, चहावाला. ज्यांनी ध्वनिमुद्रण करू दिलं त्यांना त्यांच्या आवाजाची फाइल मेमरी कार्डवर किंवा फोनवर द्या. आजोबांचा आवाज घरात राहतो. परवानगीच्या अटींप्रमाणे अहवालाची प्रत ज्या कार्यालयाला पोचवायची ती तारखेसह लिहून घ्या, कारण पुढच्या विद्यार्थ्याचा अर्ज त्या प्रतीवर अडतो. ‘उटारुडी लिनी?’, परत केव्हा येणार, असं प्रत्येक दारात विचारतील. तारीख ठाऊक नसेल तर ‘बाडो’ म्हणा.